न सापडल्याची लाज

वाद क्षुल्लक आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. रानात किंवा शहराच्या एखाद्या कोपऱ्यात कोणीतरी लपवून ठेवलेली डबी शोधावयास गेलेला मनुष्य ती न मिळता परत आला, तर त्याने ‘सापडली नाही’ असे नोंदवावे की मुकाट्याने घरी जावे, एवढाच तो वाद. यात कोणाची मालमत्ता बुडत नाही की कोणाचे घर विभक्त होत नाही. वकिलीत अठरा वर्षे काढलेली असल्यामुळे खरे मोठे वाद कसे असतात याची आम्हांस कल्पना आहे. तथापि माणसाची सत्यनिष्ठा क्षुल्लक व्यवहारातच अधिक उघडी पडते; कारण तेथे खोटे बोलल्यास शिक्षा नसते आणि खरे बोलल्यास बक्षीसही नसते. म्हणून या वादात आम्ही एका बाजूस उभे आहोत, आणि ती बाजू कोणती हे आडपडदा न ठेवता सांगतो : जो शोधावयास गेला व ज्यास सापडले नाही, त्याने तसे लिहिलेच पाहिजे.

या खेळास जिओकॅशिंग म्हणतात. आमच्या पुष्कळ वाचकांस तो अपरिचित असेल, म्हणून त्याची हकीकत थोडक्यात देतो. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांवरून सामान्य नागरिकांस जे संकेत मिळत, त्यांत तेथील सरकार मुद्दाम चूक मिसळीत असे; त्यामुळे आपण कोठे उभे आहोत हे सुमारे शंभर मीटरांच्या फरकाने कळे. २ मे २००० रोजी ही मिसळ बंद झाली आणि तोच फरक वीस मीटरांच्या आत आला. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली, तीत काही किरकोळ वस्तू, एक वही व एक पेन्सिल घातली, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधून काढली. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी या खेळासाठी संकेतस्थळ उघडले, तेव्हा जगात अशा पंचाहत्तर जागा ठाऊक होत्या. आज त्यांची संख्या तीस लाखांहून अधिक आहे. आपल्या देशातही त्या आहेत, पण तुरळक.

खेळाचे नियम सोपे आहेत. डबी शोधावी, आतील वहीत सही करावी, आतली एखादी लहानशी वस्तू घ्यावयाची असेल तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी, डबी होती तशी लपवावी आणि मग मोबाइलवर त्या डबीच्या पानावर नोंद करावी. सापडल्याची नोंद केली म्हणजे तिच्यापुढे पिवळा हसरा चेहरा उमटतो. न सापडल्याची केली म्हणजे निळा खिन्न चेहरा. या दुसऱ्या नोंदीस इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डीएनएफ’ म्हणतात. आम्ही तिला ‘निरंक नोंद’ म्हणू. कचेरीत ज्याने कधी पाऊल टाकले आहे त्यास ‘निरंक’ या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. हसऱ्या चेहऱ्यांची बेरीज खेळाडूच्या नावापुढे झळकत असते. खिन्न चेहऱ्यांस तो मान नाही. सर्व दुखण्याचे मूळ येथे आहे.

हे आम्हांस कसे कळले ते सांगतो. गेल्या ऑक्टोबरात आम्ही इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात भाच्याकडे पाहुणे होतो. तेथील डार्टमूर नावाचा ओसाड माळ म्हणजे या खेळाचे आजोळच. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने या माळाच्या अंतर्भागात, क्रॅनमिअर पूल येथे एक बाटली ठेवली आणि तेथवर पोचणारे पांथस्थ तीत आपल्या नावाची कार्डे टाकू लागले. उपग्रहांच्या मदतीने खेळावयाच्या या खेळापूर्वी सुमारे दीडशे वर्षांची ही गोष्ट. त्या माळावर जागोजाग ग्रॅनाइटच्या खडकांचे उंच ढीग आहेत; त्यांस तेथे ‘टॉर’ म्हणतात. अशाच एका टॉरच्या पायथ्याशी असलेली डबी शोधावयास भाचा आम्हांस घेऊन गेला. तिच्या कठीणपणाची श्रेणी पाचांपैकी दोन, म्हणजे फारशी अवघड नव्हे. दीड तास आम्ही दोघे भेगाभेगांतून हात घालीत होतो. धुके उतरले, गुडघे भिजले, परंतु डबी मिळाली नाही.

परतताना आम्ही म्हटले, “लिहून टाक आता, नाही सापडली म्हणून.”

भाचा म्हणाला, “मामा, ते लिहायचं नसतं. लोकांना वाटतं, ह्यांनी नीट शोधलंच नाही. पुन्हा येऊ कधीतरी, सापडली की लिहू.”

पायथ्याच्या गावात चहा घ्यावयास थांबलो, तो शेजारच्या मेजावर एक वृद्ध दांपत्य. गृहस्थांच्या हातात काठी. बोलता बोलता कळले की मागच्याच रविवारी तेही त्याच डबीसाठी वर जाऊन आले होते. “ती गेली. कोणीतरी नेली,” असा निकाल त्यांनी ठामपणे दिला. त्यांच्या ओळखीचे आणखी दोघे सप्टेंबरात रिकाम्या हाताने परतले होते. आम्ही विचारले, “आपण नोंद केलीत का?” बाई म्हणाल्या, “नाही. ज्याने एवढ्या हौसेने ठेवली त्याच्या मनाला कशाला लागू द्यायचे?” आम्ही पान उघडून पाहिले. सापडल्याची शेवटची नोंद ऑगस्टातली होती आणि तिच्यानंतर काहीही नव्हते. पाच-सहा माणसे एकाच खडकाभोवती फिरून गेली, त्यांतील एक काठी टेकीत गेला, आणि पानावर मात्र एक अक्षर नाही! सातवा मनुष्य ते पान वाचून काय समजेल? ऑगस्टात सापडली, त्यानंतर कोणी तिकडे फिरकले नाही, असेच समजेल. आणि तोही आपले गुडघे भिजवावयास निघेल.

निरंक नोंद न करणाऱ्यांची जी समर्थने आम्ही ऐकली, ती आता एकेक करून तपासू.

पहिले समर्थन भाच्याचे : शोध पुरता झाला नाही, म्हणून नोंद नाही. ऐकावयास हे विनयाचे वाटते. परंतु पुरता शोध म्हणजे किती? दहा मिनिटे, की दहा तास? ज्यास सापडली त्याचा शोध पुरता आणि ज्यास नाही त्याचा अपुरा, अशीच जर कसोटी असेल, तर न सापडल्याची नोंद कधी कोणी करावयाचीच नाही. दहा मिनिटे शोधले असेल तर ‘दहा मिनिटे शोधले’ असे लिहावे. वाचणारा त्याचे वजन आपल्या बुद्धीने ठरवील. एक अपवाद आम्ही मान्य करतो. जो वाटेतच फाटक बंद पाहून मागे फिरला, ज्याने शोधास हातच घातला नाही, त्याने निरंक नोंद करू नये. साधे टिपण लिहावे. तशी सोय या खेळात आहे. परंतु जागेवर पोचून डोळे व हात चालविणारा प्रत्येक जण शोधकच होय.

दुसरे समर्थन : पुन्हा जाणार आहोत, प्रकरण अजून संपले नाही. न्यायालयात वावरणाऱ्यास या युक्तिवादाचे हसू येते. दाव्याची तारीख पुढे गेली तरी रोजनाम्यात त्या दिवशीची ओळ लिहावीच लागते : साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख अमुक. निकालाच्या दिवशीच तेवढा रोजनामा लिहावयाचा असे एखाद्या शिरस्तेदाराने ठरविले, तर दावा दहा वर्षे का रेंगाळला हे कोणास कधीच कळणार नाही. आजची खेप आजच घडली. उद्या यश आले तर ते उद्याच्या ओळीत लिहावे. त्या यशाने आजची ओळ खोटी ठरत नाही, उलट त्याची गोडी वाढते.

तिसरे समर्थन त्या वृद्ध बाईंचे : ठेवणाऱ्याचे मन दुखावते. या दयेत आम्हांस खरी दया दिसत नाही. डबी ठेवणारा मनुष्य रोज त्या खडकापाशी बसलेला नसतो. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नोंदी हेच त्याचे डोळे. त्याच्या डोळ्यांवर हात ठेवून ‘तुला वाईट वाटू नये म्हणून’ असे सांगणे हा मोठाच शहाणपणा झाला! शेतावर राहणारा गडी मालकास वाईट वाटेल म्हणून बांध फुटल्याचे कळवीत नाही, असे झाले तर मालक त्याचे आभार मानील काय? आणि डबी जागेवरच असली, तर आपण ती इतकी उत्तम लपविली की शोधणारा हरला, या वार्तेने मन दुखावणारा लपविणारा आम्ही तरी अजून पाहिला नाही.

चौथे समर्थन अलीकडचे व अधिक चतुर आहे. संकेतस्थळ चालविणारी कंपनी प्रत्येक डबीच्या ‘प्रकृती’चा आकडा यंत्राकडून काढते. निरंक नोंदी, दुरुस्तीच्या तक्रारी, शेवटी केव्हा सापडली, कठीणपणा किती, असल्या गोष्टींवरून तो ठरतो. आकडा उतरला की डबी तपासावी अशी सूचना ठेवणाऱ्यास जाते, आणि तरीही त्याने लक्ष दिले नाही तर डबी खेळातून काढलीही जाते. म्हणून काही मंडळी म्हणतात, निरंक नोंद करणे म्हणजे बिचाऱ्याच्या मागे यंत्राचा ससेमिरा लावणे होय. यातील एक अंश आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. ज्याची डबी मुळातच कठीण आहे आणि सुरक्षितही आहे, त्यास पुनःपुन्हा अशा सूचना आल्या तर त्याचा त्रागा न्याय्य आहे. परंतु त्याचे भांडण आकडा काढणाऱ्याच्या गणिताशी आहे, साक्ष देणाऱ्याशी नाही. गणित चुकते म्हणून साक्षीदारांनीच मुके व्हावे, हा न्याय कोठला? ताप अंगात आहे, थर्मामीटरात नाही. तो ट्रंकेत कुलूपबंद करून कोणी बरा झाल्याचे ऐकिवात नाही.

ही चारही समर्थने करणारी माणसे निदान गप्प बसतात. त्यांच्या पलीकडे आणखी एक वर्ग आहे, आणि त्याच्याविषयी मवाळ शब्द वापरण्याची आमची इच्छा नाही. हे लोक डबी न सापडताच ‘सापडली’ असे नोंदवितात. ‘जागा तर बरोबर पाहिली, तेथे असती तर सापडलीच असती,’ असे त्यांचे म्हणणे. काही जण त्याहून पुढे जातात. खिशात तसलीच एक डबी बाळगतात, शोध फसला की ती तेथे ठेवतात, तिच्यात स्वतःच सही करतात आणि हसरा चेहरा पदरात पाडून घेतात. वर ‘आम्ही ठेवणाऱ्याचे काम हलके केले’ अशी उपकाराची भाषा! परिणाम असा की मूळ डबी अनेकदा जेथल्या तेथेच असते, एका जागी दोन डब्या होतात, आणि पुढचा प्रामाणिक शोधक तोतया डबीत सही करून समाधानाने घरी जातो. न्यायालयात याला पुरावा निर्माण करणे म्हणतात आणि त्याबद्दल तुरुंगवास होतो. खेळात तुरुंग नाही, म्हणून कृत्याची जात बदलत नाही. परंतु नीट पाहिले तर या वर्गाचे मूळही त्याच लाजेत आहे. रिकाम्या हाताने परतलो हे म्हणावयाची लाज ज्यास सहन होत नाही, तो प्रथम गप्प बसतो आणि कालांतराने खोटे बोलतो.

कायद्याने या लाजेचा निकाल केव्हाच लावला आहे. जुन्या इंग्लंडात ज्यास पकडून आणण्याचा हुकूम असे तो मनुष्य न मिळाल्यास शेरीफ हुकुमाच्या पाठीवर ‘नॉन एस्ट इन्व्हेंटस’, म्हणजे ‘सापडला नाही’, असे लॅटिन शब्द लिहून तो परत करी. ती त्याची नामुष्की नव्हती. ते त्याचे कर्तव्य होते. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ५, नियम १७ पाहावा. समन्स घेऊन गेलेल्या बेलिफास वाजवी तत्परतेने शोध घेऊनही प्रतिवादी सापडला नाही आणि लवकर सापडण्याचा संभवही नसला, तर त्याने समन्सची प्रत घराच्या दारास चिकटवावी, मूळ समन्स न्यायालयाकडे परत करावे आणि सोबत अहवाल द्यावा : आपण काय केले, कोणत्या परिस्थितीत केले, घर कोणी दाखविले, कोणाच्या समक्ष प्रत लावली. या अहवालास शपथपत्राची जोड नसेल, तर न्यायालयाने बेलिफास शपथेवर तपासावे, असे नियम १९ सांगतो. म्हणजे कायदा बेलिफास ‘का सापडला नाही?’ म्हणून दटावीत नाही. ‘कसा शोधलास ते सांग,’ एवढेच म्हणतो. गावात न जाता चावडीवर बसून अहवाल लिहिणारा बेलीफ दोषी. जाऊन, शोधून, रिकाम्या हाताने परत येऊन तसे लिहिणारा बेलीफ निर्दोष.

या लाजेची किंमत डबीच्या खेळात फार तर भिजलेल्या गुडघ्यांत मोजावी लागते. अन्यत्र ती किती भारी पडते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सात वर्षे ज्याची खबर, ती ज्यांस स्वाभाविकपणे लागली असती अशा माणसांस लागली नाही, तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे, असा आपल्या पुराव्याच्या कायद्याचा नियम आहे. १८७२ च्या कायद्यात तो होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही तो आहे. हा सारा नियम उभा आहे तो न सापडल्याच्या साक्षीवर. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. नवरा घर सोडून गेल्यास नऊ वर्षे झालेली, आणि त्याच्या नावावरची थोडी रक्कम व घराचा हिस्सा अडकून पडलेला. दोन्ही दिरांनी त्यास शोधण्यासाठी सोलापूर पालथे घातले होते, मुंबईत महिना काढला होता. परंतु साक्षीस उभे राहून ‘आम्ही शोधला, आम्हांस सापडला नाही, खबर नाही’ असे म्हणावयास दोघेही तयार नव्हते. लोक म्हणतील, सख्खा भाऊ, आणि ह्यांना शोधता आला नाही! त्यांची समजूत घालण्यात दोन वर्षे गेली, आणि ती दोन वर्षे त्या बाईंनी दुसऱ्यांच्या घरची भांडी घासून काढली. दीर दुष्ट नव्हते. केवळ लाजत होते. डार्टमूरच्या त्या चहाच्या मेजापाशी आम्हांस त्यांचीच आठवण झाली.

आता उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे. नाहीतर आम्ही एकतर्फी बोललो असे होईल. मौन जसे दोषार्ह, तसाच उतावळा निकालही दोषार्ह. ‘ती गेली, कोणीतरी नेली,’ असे ते वृद्ध गृहस्थ म्हणाले. त्यांनी पाहिले होते ते एवढेच की त्यांस ती दिसली नाही. जुन्या जमिनीच्या कामात अभिलेख कक्षाचे पत्र येते, त्यात ‘नोंद आढळून येत नाही’ असे शब्द असतात; ‘नोंद नाही’ असे नसतात. नवशिके वकील या दोहोंतील फरक विसरतात, आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या गठ्ठ्यातून ती नोंद निघाली म्हणजे तोंडघशी पडतात. १८८७ साली मायकेलसन व मोर्ले या शास्त्रज्ञांनी ईथरच्या प्रवाहाचा शोध घेतला आणि अपेक्षित परिणाम मिळाला नाही असे जाहीर केले. त्या नकाराचे वजन आजही मानले जाते, कारण आपण कोणत्या उपकरणाने, कशा रीतीने पाहिले याचा हिशेब त्यांनी दिला होता. नकारास किंमत येते ती या हिशेबाने.

आपल्या भाषा या बाबतीत थोड्या निसरड्या आहेत, हेही येथे सांगून टाकतो. इंग्रजीत ‘आय डिड नॉट फाइंड’ म्हटले की वाक्याचा कर्ता ‘मी’ असतो. हरलो तो मी. मराठीत ‘डबी सापडली नाही’ म्हटले की कर्ता डबी, आणि शोधणारा वाक्यातून अंग काढून मोकळा! कोंकणीतही नुसते ‘मेळूंक ना’ म्हणून सुटता येते. मग ऐकणाऱ्यास वाटते की दोष डबीचा, म्हणजे पर्यायाने ठेवणाऱ्याचा. आणि बोलणाऱ्यालाही हळूहळू तसेच वाटू लागते. उपाय दोन्ही भाषांत तयार आहे आणि तो एका शब्दाचा आहे. मराठीने ‘मला’ म्हणावे, कोंकणीने ‘म्हाका’. ‘मला सापडली नाही’ या वाक्यात कोणावर आरोप नाही, आणि बोलणाऱ्याची अप्रतिष्ठाही नाही. ती साक्ष आहे, आणि साक्षीने जेवढे सांगावे तेवढेच ती सांगते.

तेव्हा निरंक नोंदीचा शिष्टाचार कोणता, हे आमच्या मते असे : जितक्या वेळा जाऊ तितक्या वेळा लिहावे, आणि शक्य तो त्याच दिवशी. केव्हा गेलो, किती वेळ शोधले, उजेड-पाऊस-गर्दी यांपैकी कशाची अडचण होती, हे सांगावे. डबी कोठे असावी याचा आपला तर्क पानावर मांडू नये. तो बरोबर असला तर पुढच्याचा आनंद जातो आणि चूक असला तर पुढचा फसतो. ‘नाहीशी झाली’ हा शब्द जपून वापरावा. फुटके झाकण किंवा भिजलेली वही प्रत्यक्ष पाहिली असेल, तर त्यासाठी वेगळी नोंद आहे, ती करावी. ठेवणाऱ्यास टोमणा मारू नये आणि आपल्या श्रमांचे बिलही त्याच्याकडे पाठवू नये. त्याने आपणांस बोलावणे धाडले नव्हते. ठेवणाऱ्याच्या बाजूने एवढेच की पान स्वच्छ दिसावे म्हणून निरंक नोंदी पुसून टाकू नयेत. तशी सत्ता त्याच्या हाती असते. परंतु दप्तर ज्याच्या ताब्यात आहे त्याने पाने फाडली, तर दप्तर कशास ठेवावयाचे? चार जणांस सापडली नाही तर त्याने एकदा जाऊन पाहावे आणि काय दिसले ते लिहावे. त्याचे काम एवढ्याने संपते.

आमच्या डबीचे पुढे काय झाले हे सांगून आटोपते घेतो. त्या रात्री भाच्याच्या संमतीने, त्याच्याच नावावर, आम्ही नोंद लिहिली : “दोघांनी दीड तास शोधले. शेवटचा अर्धा तास धुके होते. आम्हांस सापडली नाही. जागा सुंदर आहे. आभार.” तीन दिवसांनी ठेवणाऱ्याचे उत्तर पानावर आले. तो वर जाऊन आला होता. डबी जागेवरच होती. आम्ही ज्या खडकाच्या भेगा चाचपीत बसलो होतो, त्याच्या शेजारच्या खडकात, गुडघ्याएवढ्या उंचीवर! भाचा मनसोक्त हसला, आम्हीही हसलो. परंतु त्या उत्तरात आणखी एक ओळ होती. डबीतील वही उघडली असता शेवटची सही जूनमधील निघाली. ऑगस्टात ‘सापडली’ असे लिहून हसरा चेहरा घेऊन गेलेल्या गृहस्थाची सही तीत नव्हती.

म्हणजे त्या महिन्यांत त्या पानावर एकच असत्य होते, आणि ते हसरे होते. खरे ठाऊक असणारे सारे गप्प होते. आमच्या निरंक नोंदीत डबीविषयी काहीही कळले नाही, आमच्या आंधळेपणाविषयी मात्र कळले. तरीही तिच्यामुळेच ठेवणारा वर गेला आणि पान खरे झाले. त्यानंतरच्या पंधरवड्यात तेथे सापडल्याच्या दोन नोंदी आल्या. त्यांतील एकीत ‘दुसऱ्या खेपेस’ असे शब्द आहेत. त्या काठी टेकणाऱ्या गृहस्थांच्याच असाव्यात, असे मानावयास आम्हांस आवडते.

भाच्याने परवा कळविले की त्याने या हिवाळ्यात तीन निरंक नोंदी केल्या. आमचा निळा चेहरा डार्टमूरच्या त्या पानावर अजून आहे. ज्यास पाहावयाचा असेल त्याने खुशाल पाहावा.